पाय ठेवायचा की नाही? : जपानमधल्या ख्रिस्ती छळाची गोष्ट वर्गात सांगताना



वसईत राहणाऱ्या कुणालाही 'गोन्सालो गार्सिया' हे नाव नवीन नाही. त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, चर्च आहे. रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं की तो बरोबर दारात नेऊन सोडतो. पण हे गार्सिया कोण, ते कुठे गेले आणि त्यांचं पुढे काय झालं, असं विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात. ख्रिस्ती घरांतली मुलं 'ते संत होते' एवढं सांगतात. बाकीच्या मुलांना तेही माहीत नसतं.

माझी शाळा वसई तालुक्यातच आहे. वर्गात कुपारी ख्रिस्ती मुलं आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत, आदिवासी पाड्यावरची आहेत, आणि कामासाठी आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांतली मुलंही आहेत. दप्तराविना शनिवारी मी 'आपल्या गावचं नाव जगात' असा एक गोष्टींचा उपक्रम घेते. त्यात गार्सियांची पाळी आली. ही गोष्ट सांगायची म्हणजे धर्मासाठी माणसांना मारलं गेलं, हे दहा वर्षांच्या मुलांना सांगायचं. ते सांगावं का, सांगावं तर कसं, आणि सांगितल्यावर वर्गात काय होतं, यावर हा लेख आहे.

वसईचा मुलगा जपानला कसा पोचला?

सोळाव्या शतकात वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. चिमाजी आप्पांनी ती जिंकली १७३९ मध्ये, म्हणजे ही गोष्ट त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची. गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. लहानपणी तो जेझुइट पाद्र्यांकडे शिकला आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा तो झपाट्याने शिकला. पुढे काही वर्षं त्याने व्यापार केला, मग फिलिपाइन्समधल्या मनिला शहरात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. तो पाद्री नव्हता, हे लक्षात घ्या. १५९३ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांचं एक शिष्टमंडळ जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याला भेटायला गेलं, तेव्हा दुभाष्या म्हणून हाच वसईचा माणूस पुढे होता.

मुलांना हा भाग फार आवडला. 'म्हणजे मॅडम, ते जपानी बोलायचे?' असं तीन-तीनदा विचारून झालं. जगाच्या नकाशावर दोरा लावून आम्ही वसई, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा समुद्रमार्ग दाखवला. गोव्याचा आणि जपानचा संबंध त्याच्याही आधीचा आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या १५ ऑगस्टला जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले, ते गोव्यातूनच तिकडे गेले होते. त्यांच्यासोबत आंजिरो नावाचा जपानी माणूस होता. त्याचा बाप्तिस्मा गोव्यात झाला आणि तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. चारशे पंचाहत्तर वर्षांपूर्वी एक जपानी माणूस गोव्यात शिकत होता, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले.

बंदी का आली?

छळाची गोष्ट सांगताना आपण 'दुष्ट राजा होता' म्हणून मोकळे होतो. मी तसं करत नाही. कारण सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात फक्त राग उरतो, समज येत नाही.

सुरुवातीला जपानमधल्या अनेक सरदारांनी या नव्या धर्माला जवळ केलं. काहींना खरंच पटलं, काहींना पोर्तुगीज जहाजांतून येणारा व्यापार आणि बंदुका हव्या होत्या. ओमुरा सुमितादा नावाच्या सरदाराने तर स्वतः ख्रिस्ती झाल्यावर आपल्या मुलखातली बौद्ध आणि शिंतो देवळं पाडली, प्रजेला धर्म बदलायला लावला. ही बाजूही मी मुलांना सांगितली. मग १५८७ मध्ये हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला. त्याचे सवाल होते : तुम्ही लोकांना धर्मांतराची सक्ती का करता? देवळं का पाडता? आणि तुमचे व्यापारी आमच्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेऊन परदेशी का नेतात? यातला शेवटचा सवाल तर अगदी रास्त होता.

तो हुकूम दहाएक वर्षं कागदावरच राहिला. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यातला माल हिदेयोशीच्या माणसांनी जप्त केला. त्या भांडणात जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने फुशारकी मारली, की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य, असं सांगितलं जातं. हे ऐकून हिदेयोशी भडकला.

म्हणजे भीतीला कारण होतं. पण शिक्षा कुणाला झाली? फुशारकी मारणाऱ्याला नाही. मुलांना गुलाम करून विकणाऱ्यांनाही नाही. शिक्षा झाली दवाखान्यात रोग्यांची सेवा करणाऱ्या ब्रदरांना, सुताराला, स्वयंपाक्याला आणि तीन शाळकरी वयाच्या पोरांना. हे वाक्य मी फळ्यावर एका प्रश्नाच्या रूपात लिहिलं : 'चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला?' पुढचा सगळा तास त्या एका ओळीवर चालला.

नागासाकीची टेकडी

एकूण २६ जण होते. २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा आणि १ वसईचा. क्योतो शहरात त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई ते नागपूर एवढं अंतर. जवळजवळ महिना लागला. निघाले तेव्हा २४ होते, वाटेत सोबत करणारे दोघं पकडले जाऊन २६ झाले.

त्यातला लुई इबाराकी १२ वर्षांचा, अँथनी १३ चा, थॉमस कोझाकी १४ चा. थॉमस आपल्या वडिलांबरोबर चालत होता. वाटेत त्याने आईला एक पत्र लिहिलं. ते पत्र पुढे वडिलांच्या अंगावरच्या कपड्यात सापडलं. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सगळ्यांना क्रुसांना बांधून भाले मारून ठार केलं. १८६२ मध्ये पोपने या २६ जणांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालो गार्सियांचं नाव घेतात ते यामुळे.

मृत्यूचं वर्णन मी वर्गात एका वाक्यात संपवलं. 'त्यांना टेकडीवर नेऊन मारलं,' बस. रक्त, भाले, किंचाळ्या यांत मुलं रमतात, आणि रमली की विचार करायचं थांबतात. पत्राचा भाग मात्र मी सावकाश सांगितला. 'तुम्ही असता तर आईला काय लिहिलं असतं?' असं विचारल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. मग एक मुलगा हळूच म्हणाला, 'मी लिहिलं असतं, जेवून घे.' मला पुढे दोन मिनिटं बोलता आलं नाही.

फुमी-ए : पाय ठेवा आणि सुटा

खरी कठीण गोष्ट इथून पुढे आहे. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६२२ मध्ये त्याच टेकडीवर एका दिवसात ५५ जणांना मारलं, त्यात बाया आणि लहान मुलंही होती. १६३७-३८ मध्ये शिमाबारा भागात जाचक कर आणि उपासमारीने पिचलेल्या शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यात बरेचसे ख्रिस्ती होते आणि त्यांचा पुढारी होता सोळा वर्षांच्या आसपासचा आमाकुसा शिरो. हारा किल्ल्यात कोंडलेली सुमारे ३७,००० माणसं जवळजवळ सगळी मारली गेली. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, किल्ल्यावर तोफा डागायला सरकारला मदत केली ती डच जहाजाने. डच लोकही ख्रिस्तीच, फक्त पंथ वेगळा, आणि त्यांना व्यापार हवा होता. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना जपानचे दरवाजे बंद झाले.

त्यानंतर सरकारने माणसं मारण्यापेक्षा माणसांचं मन मोडायची पद्धत काढली. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं. पाच-पाच घरांचा गट, एकाने गुन्हा केला तर पाचही घरं जबाबदार. चौकाचौकांत पाट्या : ख्रिस्ती माणूस दाखवून द्या, चांदीची नाणी मिळवा. आणि फुमी-ए. येशूचं किंवा मेरीचं चित्र, बहुतेक वेळा लाकडी फळीत बसवलेला धातूचा पत्रा, जमिनीवर ठेवायचा. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या प्रत्येकाने त्यावर पाय ठेवायचा. जो कचरला तो पकडला. ही पद्धत दोनशेहून अधिक वर्षं चालली. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असे पत्रे आजही आहेत. त्यांवरचे चेहरे हजारो पायांनी झिजून गुळगुळीत झालेत.

मी खडूने फरशीवर एक चौकोन काढला. त्यात काही चित्र काढलं नाही, मुद्दामच. म्हटलं, 'समजा या चौकोनात तुम्हाला सगळ्यात प्रिय असलेल्या गोष्टीचं चित्र आहे. पाय ठेवला तर घरी जाता येईल. नाही ठेवला तर घरच्यांनाही शिक्षा. काय कराल?' कुणाच्याही देवाचं नाव मी घेतलं नाही. ज्याचं त्याने मनात ठरवायचं होतं.

मग जे सुरू झालं ते मी कुठल्याच प्रशिक्षणात शिकले नव्हते.

'ठेवायचा की मॅडम! चित्रच तर आहे. देव थोडाच त्यात असतो?'

'मी नाही ठेवणार. माझ्या आजोबांचा फोटो असेल तर मी नाहीच ठेवणार.'

'पण मग तुझ्या आईला पकडतील ना.'

'मी ठेवेन आणि घरी जाऊन सॉरी म्हणेन.'

हे शेवटचं वाक्य बोलणाऱ्या मुलीला माहीत नव्हतं, पण नागासाकीच्या खेड्यांतल्या लोकांनी अगदी हेच केलं. ते वर्षातून एकदा चित्रावर पाय ठेवत आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. वरून बौद्ध, आतून ख्रिस्ती. मी हे सांगितल्यावर ती मुलगी केवढी फुलली! आणि 'मी नाहीच ठेवणार' म्हणणारा मुलगा थोडा विचारात पडला. म्हणाला, 'मग माझं बरोबर की हिचं बरोबर?'

मी उत्तर दिलं नाही. या प्रश्नावर मोठमोठी माणसं अडली आहेत. जपानी लेखक शुसाकू एंदो यांनी १९६६ मध्ये याच प्रश्नावर 'मौन' ही कादंबरी लिहिली, तिच्यावर पुढे सिनेमाही आला. मी एवढंच म्हटलं, 'चुकीचं कोण, ते मात्र नक्की सांगता येतं. ज्याने फरशीवर चित्र ठेवलं तो.'

एका आईची विनंती, एका वडिलांचा मेसेज

हा उपक्रम घेणार हे मी आठवडाभर आधी वर्गात सांगितलं होतं. त्यामुळे एक आई शाळा सुटताना फाटकाशी थांबली. घर ख्रिस्ती. म्हणाली, 'मॅडम, सांगा तुम्ही, बरंच आहे. फक्त माझ्या मुलीला उभं करून काही विचारू नका. आधीच तिला कोणीतरी विचारलंय, तुम्ही लोक बाहेरून आलात का म्हणून.' चौथ्या पिढीपर्यंतची नावं सांगता येतील असं हे शेतकरी घर. आजी अजून लुगडं नेसते. आणि दहा वर्षांच्या पोरीला असा प्रश्न.

गोष्ट झाल्यावर त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका वडिलांचा मेसेज आला : 'मॅडम, त्यांच्यावर झालेले अत्याचार सांगता, मग त्यांनी आपल्या लोकांवर केलेले पण सांगा ना.' खाली दोन अंगठे.

ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी त्यांना सोमवारी शाळेत बोलावलं. चहा दिला आणि म्हटलं, 'तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुढच्या शनिवारी तेच सांगणार आहे. पण एक विचारते. ज्या मुलीला तुमच्या मुलाने बाहेरून आलात का विचारलं, तिने कोणावर अत्याचार केले?' ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'तो असं बोलला? मी बोलतो त्याच्याशी.' त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण ते उठताना म्हणाले, 'सांगा, पण दोन्ही सांगा.' ही अट मला मान्यच होती.

गोव्यातली तुळस

म्हणून पुढच्या शनिवारी गोवा घेतला. जो धर्म जपानमध्ये छळ सोसत होता, तोच गोव्यात सत्तेवर होता. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय, गोव्यात आणायची मागणी केली होती. ते आलं १५६० मध्ये, आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. ज्यूंमधून ख्रिस्ती झालेले, नंतर हिंदूंमधून ख्रिस्ती झालेले लोक घरात जुन्या रीती पाळतात का, यावर त्याची नजर असे. त्याच काळात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली, हिंदूंच्या सणसमारंभांवर बंधनं घातली. १७३६ च्या हुकुमात तर बाटलेल्या घरांनी दारात तुळस लावायची नाही, असंही कलम होतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. गोव्यात एक आई तुळशीचं रोप लपवते आहे. जपानमध्ये एक आई मेरीची मूर्ती लपवते आहे. जपानी लोकांनी त्यासाठी युक्ती काढली होती. कान्नोन ही बौद्धांची करुणेची देवता. तिची बाळ घेतलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवायची, पाहणाऱ्याला ती कान्नोन आणि घरच्यांना ती मेरी. आज तिला 'मारिया कान्नोन' म्हणतात.

मी फळ्याच्या डाव्या बाजूला तुळस काढली, उजव्या बाजूला मूर्ती. विचारलं, 'या दोन आयांमध्ये सारखं काय?'

उत्तरं आली : दोघी घाबरल्यात. दोघी दार लावून घेतात. दोघी मुलांना सांगतात, बाहेर बोलू नको. दोघींना शेजाऱ्याची भीती वाटते.

मग ज्याच्या वडिलांचा मेसेज आला होता तो मुलगा म्हणाला, 'मॅडम, त्या दोघी शेजारी राहत असत्या तर एकमेकींची वस्तू लपवून दिली असती.' आणि माझ्या त्या ख्रिस्ती विद्यार्थिनीने, जिला मी काहीच विचारलं नव्हतं, आपणहून हात वर केला. म्हणाली, 'आमच्या दारात तुळस नाही, पण शेजारच्या काकूंच्या तुळशीला सुट्टीत मी पाणी घालते.' वर्ग हसला नाही. कुणीतरी म्हणालं, 'मस्त.' एवढंच.

कुणी वाचवलं, तेही सांगा

छळाच्या प्रत्येक गोष्टीत अशी माणसं असतात ज्यांनी हुकूम पाळायचं टाळलं. ती शोधून सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. जपानच्या सोतोमे भागात तेन्पुकुजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. आपल्याकडे नोंदवलेली कुटुंबं लपून ख्रिस्ती धर्म पाळतात, हे ठाऊक असून त्या मंदिराने त्यांना सांभाळून घेतलं. १८०५ मध्ये आमाकुसा बेटांवर पाच हजारांहून जास्त लपलेले ख्रिस्ती सापडले. अधिकाऱ्यांनी कागदावर काय लिहिलं? हे ख्रिस्ती नाहीत, चुकीच्या समजुतीने काहीतरी वेगळं पाळतात. सगळ्यांना ताकीद देऊन सोडलं. कायदा क्रूर असतानाही लिहिणाऱ्याच्या हातात थोडी दया शिल्लक असते, हे मुलांना कळायला हवं. उद्या यांच्यातलेच कोणी तलाठी, पोलीस, शिक्षक होणार आहेत.

आणि शेवटही सांगा. पाद्री नाही, चर्च नाही, पुस्तक नाही, अशा अवस्थेत हे लोक सात पिढ्या टिकले. गावातला एक जण सणांची दिनदर्शिका सांभाळायचा, एक जण बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, एक जण निरोप पोचवायचा. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना तोंडपाठ पुढे गेल्या, शब्द झिजले, अर्थ हरवले, तरी चाल राहिली. त्यांना 'ओराशो' म्हणतात. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या अशाच न लिहिता पुढे आल्या ना, म्हणून मुलांना हे लगेच समजलं.

१८६५ च्या १७ मार्चला नागासाकीत परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे दहा-पंधरा लोक आले. एका बाईने फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांच्या कानाशी येऊन सांगितलं, की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, मेरीची मूर्ती कुठे आहे? अडीचशे वर्षांनी कुणीतरी हे उघडपणे विचारलं होतं.

यानंतर लगेच सुख आलं नाही. बंदी अजून होतीच. १८६७ पासून उराकामीत धरपकड झाली. जवळजवळ ३,४०० लोकांना घरादारापासून तोडून देशभर वेगवेगळ्या ठिकाणी पाठवलं. त्यांतले सहाशेहून जास्त तिकडेच वारले. १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या आणि उरलेले परतले. ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांना दरवर्षी चित्रावर पाय ठेवावा लागे, तीच जागा त्यांनी पुढे विकत घेतली आणि तिथे चर्च बांधलं. १९४५ च्या ९ ऑगस्टला अणुबॉम्ब फुटला तो या चर्चपासून सुमारे ५०० मीटरवर. त्या धर्मग्रामातल्या १२,००० पैकी सुमारे ८,५०० लोक गेले. चर्च पुन्हा उभं राहिलं. २०१८ मध्ये नागासाकी भागातल्या लपलेल्या ख्रिस्ती लोकांच्या खेड्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मोठ्यांसाठी दोन शब्द

ही फक्त जपानची किंवा जुन्या काळाची गोष्ट नाही. रोममध्ये इसवी सन ६४ मध्ये आग लागली, तेव्हा सम्राट नीरोने खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं. ३०३ मध्ये डायोक्लेशियनने त्यांची प्रार्थनास्थळं पाडली, ग्रंथ जाळले, आणि दहाच वर्षांनी, ३१३ मध्ये, त्यांना मोकळीक मिळाली. अगदी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर २१ ख्रिस्ती मजुरांना मारलं गेलं. ते पोटासाठी परदेशी गेलेले कामगार होते. आपल्याकडे १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहॅम स्टेन्स यांना त्यांच्या दोन लहान मुलांसह गाडीत जाळलं. २००८ मध्ये कंधमालमध्ये एका स्वामींची हत्या झाली आणि तिचा सूड ज्यांचा काही संबंध नव्हता अशा हजारो ख्रिस्ती कुटुंबांवर उगवला गेला. घरं जळली, माणसं मेली, लोक जंगलात पळाले. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला, हा फळ्यावरचा प्रश्न इथेही तसाच लागू पडतो.

हे सगळं पाचवीच्या मुलांना सांगायचं नाही. पण सांगणाऱ्याला ठाऊक हवं, म्हणजे गोष्ट कुठे वळते आहे ते त्याला कळतं.

वर्गात घेताना मी पाळलेल्या गोष्टी

१. 'जपान्यांनी मारलं', 'ख्रिश्चनांनी छळलं' असं म्हणायचं नाही. कुणी हुकूम काढला त्याचं नाव आणि पद सांगायचं. २६ पैकी २० जण जपानीच होते, हे विसरू द्यायचं नाही.

२. वर्गातल्या कुठल्याही मुलाला त्याच्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून उभं करायचं नाही. त्याने आपणहून बोललं तर ऐकायचं.

३. एकाच्या छळाची गोष्ट सांगितली की दुसऱ्याचीही सांगायची. हिशेब बरोबर करायला म्हणून नाही. दुखणं सारखं असतं, हे दिसावं म्हणून.

४. वाचवणारा माणूस शोधल्याशिवाय गोष्ट संपवायची नाही.

५. 'पाय ठेवायचा की नाही?' याचं उत्तर आपण द्यायचं नाही. मुलांना ते घरी नेऊ द्यायचं.

कृती म्हणून मी मुलांना एक कागद दिला आणि लिहायला सांगितलं : 'माझ्या शेजाऱ्याला लपायची वेळ आली तर मी काय करेन?' चाळीसपैकी बहुतेकांनी 'आमच्या घरात लपवेन' लिहिलं. काहींनी कुठे लपवेन त्याचं चित्रही काढलं, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे. एकाने लिहिलं, 'मी त्याला लपवेन पण आधी आईला विचारेन.' मला हे उत्तर सगळ्यात खरं वाटलं. पालकहो, म्हणूनच हा लेख तुमच्यासाठीही आहे. मूल उद्या विचारायला येईल ते तुमच्याकडे.